कुंपणापलीकडचे रान: वाचकांचे प्रश्न

सिडनीच्या उत्तरेकडील हॉर्न्सबी, वरूंगा, टरामरा, सेंट आयव्हज या उपनगरांतून गेल्या काही महिन्यांत जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांचा विषय एकच होता. चांगल्या शाळा, रेल्वे आणि झाडांची सावली पाहून घर घेतले किंवा घ्यायचे ठरवले, आणि मग लक्षात आले की मागच्या कुंपणापलीकडे खरेखुरे रान आहे. इथले लोक त्याला 'बुश' म्हणतात. मीही तोच शब्द वापरते, कारण 'जंगल' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे उभे राहते, त्याहून गम (म्हणजे निलगिरीच्या जातीच्या) वृक्षांचे, बँक्सियांचे आणि वालुकाश्माच्या कातळांचे हे रान फार वेगळे आहे. मी स्वतः या रानाच्या काठावर दोन मुले वाढवली. पत्रांतील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून पुढे देत आहे.

प्रश्न: साउथ टरामरा भागात एक घर आम्हाला फार आवडले आहे. मागच्या डेकवरून सगळी दरी दिसते. मुले सहा आणि नऊ वर्षांची आहेत. वणव्याची भीती वाटते, परंतु एजंट म्हणतो की इतकी वर्षे काही झालेले नाही. घर घ्यावे का?

घर घ्यावे की नाही, हे पत्रातून सांगणे योग्य होणार नाही. मात्र पुन्हा पाहायला जाल तेव्हा कशाकडे लक्ष द्यावे, ते निश्चित सांगता येईल. डेकवर उभे राहाल तेव्हा दृश्याआधी उतार पाहा. आपल्या भागातील उपनगरे डोंगराच्या धारेवर वसली आहेत, कारण रेल्वे आणि पॅसिफिक हायवे धारेवरून गेले, घरे त्यांच्या दोन्ही अंगांना पसरत गेली आणि खालच्या घळी बांधकामाला अवघड म्हणून तिथले रान तसेच राहिले. त्यामुळे घर वर आणि रान खाली, अशी रचना जवळपास सगळीकडे आहे. वणवा चढणीवर जोरात धावतो: चढ दहा अंशांनी वाढला की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण खालच्या ज्वाळा वरच्या झाडोऱ्याला आधीच तापवून, वाळवून ठेवतात. जे दृश्य पाहून आपण घरावर लुब्ध होतो, तीच आगीची वाट असते.

'काही झालेले नाही' हे विधान तर तुमच्याच भागाच्या बाबतीत खरे नाही. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ग्रेटर सिडनीसाठी 'कॅटास्ट्रॉफिक', म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा अग्निधोका पहिल्यांदाच जाहीर झाला, आणि त्याच दुपारी साउथ टरामरामध्ये घरांच्या अगदी पाठीशी आग लागली. विमानातून टाकलेल्या अग्निरोधक द्रवाने तिथली छपरे, गाड्या आणि अंगणे गुलाबी झाल्याची छायाचित्रे जगभर गेली.

आता कागदपत्रांकडे वळू. विक्रीच्या करारासोबत सेक्शन १०.७ चे प्लॅनिंग सर्टिफिकेट जोडलेले असते, त्यात ती जमीन 'बुशफायर प्रोन', म्हणजे वणवाप्रवण, म्हणून नोंदलेली आहे का, ते लिहिलेले असते. तशी नोंद असेल तर घराची 'बॅल' (बुशफायर ॲटॅक लेव्हल) पातळी विचारा. ही पातळी १२.५, १९, २९, ४० अशी चढत जाते आणि तिच्याही वर 'फ्लेम झोन' असतो. हे आकडे त्या जागी प्रत्येक चौरस मीटरवर किती किलोवॉट उष्णता येऊ शकते, ते दाखवतात. ही पातळी जितकी वरची, तितका पुढे खोली वाढवण्याचा किंवा नवा डेक बांधण्याचा खर्च जास्त, कारण काच, जाळी आणि लाकूड ठरावीक दर्जाचेच वापरावे लागते. विम्याचा हप्ता किती येईल, हेही करारावर सही होण्यापूर्वी विचारून घ्या. सहीनंतर या राज्यात, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये, पाच कामकाजी दिवसांची कूलिंग-ऑफ मुदत मिळते खरी, पण त्या मुदतीत माघार घेतली तरी थोडी रक्कम गमवावी लागते, आणि लिलावात घेतलेल्या घराला तर ती मुदतही नसते.

घर घेतलेत तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: वणव्यात घरे बहुधा ज्वाळांनी पेटत नाहीत, वाऱ्यावर उडत पुढे आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. निखारा पन्हळीतल्या पाचोळ्यात पडतो, डेकखाली साठलेल्या लाकडांत शिरतो, कौलांच्या फटीतून माळ्यावर जातो किंवा दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर धुमसत राहतो. आमच्या घरी सप्टेंबरमध्ये पन्हळी साफ होतात आणि उन्हाळाभर दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा होतात, कारण गमची झाडे कोरड्या उष्ण दिवसांतही पाने आणि सालीच्या लांबलचक चिंध्या ढाळत राहतात. हातात धरून पाहिली तर ती साल कागदाहून हलकी लागते आणि तितक्याच सहज पेटते. झरोक्यांना दोन मिलिमीटरपेक्षा मोठी भोके नसलेली धातूची जाळी बसवा. प्लास्टिकची जाळी वितळते.

यापेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुटुंबाचा निर्णय. अग्निधोक्याच्या पातळ्या आता चार आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक. कॅटास्ट्रॉफिक दिवशी धूर दिसण्याची वाट पाहायची नसते. आदल्या रात्री किंवा पहाटेच रानापासून दूर कुणाच्या घरी जायचे असते. तुमचे घर ज्या धारेवर आहे तिथून बाहेर पडायला बहुधा एकच रस्ता आहे, आणि सगळे शेजारी एकाच वेळी निघाले तर तो पंधरा मिनिटांत तुंबतो. तेव्हा जेवणाच्या टेबलाशी बसून, मुलांसमक्ष, या गोष्टी लिहून ठेवा: कोणत्या पातळीला निघायचे, कुणाकडे जायचे, मुले शाळेत असतील तर काय करायचे, घरी आजी-आजोबा असतील आणि गाडी ऑफिसला गेलेली असेल तर त्यांना कोण नेणार. रूरल फायर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर योजनेचा नमुना मिळतो, आणि 'हझार्ड्स निअर मी' हे ॲप घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर हवेच.

माझे मत विचाराल तर असे आहे. 'वेळ आली तर आम्ही घर सोडून जाऊ' यावर पती-पत्नी दोघांचेही मनापासून एकमत असेल, तर घर घ्या. दोघांपैकी एकाच्याही मनात 'मी पाण्याची नळी घेऊन थांबेन' असे असेल, तर दुसरे घर पाहा. जाता जाता एक सांगते: या राज्यातील अधिकृत वणवा-काळ १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असा असतो आणि आपली दिवाळी बरोबर त्याच काळात येते. टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवण्यास पूर्ण बंदी) जाहीर झालेल्या दिवशी अंगणातल्या, डेकवरच्या पणत्या लावू नका, त्या घरात देवापाशी लावा. आणि फटाके तर परवान्याशिवाय इथे कधीच उडवता येत नाहीत.

प्रश्न: सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर तळहाताएवढा कोळी आणि अंगणात एक जाडजूड, आखूड, करडा साप दिसला. त्या आता बाहेरच पडत नाहीत आणि मुलांनाही जाऊ देत नाहीत. आम्ही काय करावे?

सासूबाईंची भीती खोटी आहे असे कृपा करून म्हणू नका. त्यांनी आयुष्यभर सापाला जपून घर सांभाळले आहे आणि ती सावधगिरी इथेही उपयोगी पडणार आहे. फक्त इथले प्राणी कोण आणि त्यांच्यापैकी कुणाला भ्यायचे, हे त्यांना नव्याने कळायला हवे.

भिंतीवरचा तळहाताएवढा, चपटा, खेकड्यासारखा तिरपा धावणारा कोळी म्हणजे हंट्समन. त्याच्या आकारानेच जीव घाबरा होतो, पण तो माणसाला धोकादायक नाही आणि घरातली झुरळे खातो. मोठी बरणी त्याच्यावर पालथी घालायची, खालून जाड कागद सरकवायचा आणि त्याला बाहेर सोडायचे. माझ्या मुलीला हे काम सातव्या वर्षी जमू लागले. गाडीच्या सन व्हायझरमागे तो बसलेला असू शकतो, एवढे मात्र गाडी चालवणाऱ्याला सांगून ठेवा, कारण धोका त्याच्या चावण्यापेक्षा चालकाच्या दचकण्याचा अधिक असतो.

ज्याला खरोखर जपायचे तो सिडनी फनेल-वेब: काळा, तुकतुकीत, आखूड पायांचा, भिंतीवर नव्हे तर जमिनीलगत ओलसर जागी बिळात राहणारा. उन्हाळा आणि शरद ऋतूत, विशेषतः पावसानंतर, त्याचे नर मादीच्या शोधात भटकतात आणि बाहेर ठेवलेल्या बुटात, ओल्या टॉवेलखाली, तरणतलावात सापडतात. तलावाच्या तळाशी निपचित पडलेला फनेल-वेब मेलेला समजून हातात घेऊ नये. तो पाण्यात कित्येक तास जिवंत राहू शकतो. या कोळ्याच्या दंशाने १९२७ ते १९८० या काळात १३ मृत्यू नोंदले गेले. १९८१ साली प्रतिविष वापरात आले आणि त्यानंतर त्याच्या दंशाने एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. सासूबाईंना हे वाक्य दोनदा सांगा.

अंगणातल्या सापाचे वर्णन तुम्ही 'जाडजूड, आखूड, करडा' असे केले आहे. त्याला चार छोटे पाय होते का, हे नीट आठवून पाहा. माझा अंदाज असा की तो ब्लू-टंग सरडा असावा. नव्याने आलेल्या जवळपास प्रत्येक कुटुंबाची ही फसगत होते, कारण उन्हात पसरून पडला की त्याचे पाय दिसतच नाहीत. तो निरुपद्रवी आहे, बागेतल्या गोगलगाई खातो, आणि फार जवळ गेले तर निळीभोर जीभ काढून फिस्कारतो. गोगलगाई मारायचे विषारी दाणे वापरत असाल तर थांबवा, कारण विष खाल्लेल्या गोगलगाई खाऊन तो मरतो.

खरे विषारी साप इथे नाहीत असे नव्हे. लाल पोटाचा काळा साप ओढ्याकाठी बेडकांच्या मागे असतो आणि चाहूल लागली की सहसा निघून जातो. ईस्टर्न ब्राऊन मात्र अतिशय विषारी आणि चपळ असतो. साप दिसला तर मुलांना आणि कुत्र्याला घरात घ्या, त्याच्यावर नजर ठेवा आणि परवानाधारक साप पकडणाऱ्याला बोलवा. त्याला मारू नका: बहुतेक दंश मारायला किंवा पकडायला गेलेल्यांनाच होतात, आणि साप मारणे इथे कायद्याने गुन्हाही आहे.

दंश झालाच तर काय करायचे, याबाबतीत आपल्या घरातल्या जुन्या समजुती घातक ठरतात, म्हणून सविस्तर लिहिते. वर करकचून दोरी बांधायची नाही, चीर द्यायची नाही, विष चोखायचे नाही आणि जखम धुवायचीही नाही, कारण कोणत्या सापाचे विष आहे हे रुग्णालयात त्वचेवरच्या अंशावरून तपासता येते. माणसाला जिथल्या तिथे निजवायचे आणि ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायचा. रुंद लवचिक पट्टी दंशावर घट्ट गुंडाळायची, मग दुसरी पट्टी बोटांपासून सुरू करून पूर्ण हाताला किंवा पायाला वरपर्यंत गुंडाळत न्यायची, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकी आवळून. नंतर काठीचा किंवा फळीचा आधार देऊन तो अवयव हलू द्यायचा नाही. विष लसिका वाहिन्यांतून पसरते, आणि पट्टीचा दाब व स्थिरता ही दोन्ही मिळून त्याचा वेग रोखतात. फनेल-वेबच्या दंशालाही हाच उपचार करायचा. पाठीवर लाल पट्टा असणाऱ्या रेडबॅक कोळ्याच्या दंशाला मात्र पट्टी बांधत नाहीत; तिथे बर्फाने शेकायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे.

अशा तीन पट्ट्या आणून ठेवा आणि एका संध्याकाळी सासूबाईंच्या हातून नातवाच्या पायाला बांधून घ्या. काय करायचे हे हातांना माहीत झाले की अंगणात जायला पाय धजावतात.

प्रश्न: एका मोठ्या टर्की पक्ष्याने आमचा सगळा भाजीचा वाफा उकरून कोपऱ्यात पाचोळ्याचा डोंगर केला आहे. दोनदा पसरून टाकला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तयार! काउन्सिल काही करत नाही. उपाय सांगा.

वाफ्यासाठी घेतलेली मेहनत डोळ्यांदेखत उकरली जाते तेव्हा किती जिवाला लागते, ते मी जाणते. पण ढीग उचलण्यापूर्वी तो काय आहे हे ऐका. ब्रश टर्कीचा नर एकटा हा ढीग रचतो, तो चार मीटर रुंद आणि मीटरभराहून उंच होऊ शकतो, आणि वेगवेगळ्या माद्या त्यात अंडी घालून निघून जातात. अंड्यांवर कुणी बसत नाही. पाचोळा कुजताना जी ऊब निर्माण होते तीवरच ती उबतात, आणि नर रोज ढिगात चोच खुपसून उष्णतेचा अंदाज घेत पाचोळा कधी घालतो, कधी काढतो, जेणेकरून आतले तापमान ३३ ते ३५ अंशांच्या आसपास राहावे. साधारण सात आठवड्यांनी पिल्लू आतून स्वतः उकरत बाहेर येते आणि काही तासांत उडू शकते. आईबाप त्याला ओळखतही नाहीत. एकदा सकाळी आमच्या लिंबाच्या झाडाखालून असे पिल्लू वर आले: करड्या पिसांचे, मुठीएवढे, अंगावर मातीचे कण. क्षणभर थांबले आणि कुंपणाखालून थेट बुशमध्ये पळाले.

हा पक्षी संरक्षित आहे, आणि अंडी असलेला ढीग मोडणे हा गुन्हा आहे, म्हणून काउन्सिल हात घालत नाही. ढीग पूर्ण झाल्यावर झगडण्यात अर्थ नसतो. जे करायचे ते हिवाळ्याच्या अखेरीस, तो नुकता उकरू लागतो तेव्हा करायचे असते. त्याला हवी असते सावली आणि सैल पाचोळा. तेव्हा भाजीच्या वाफ्यावर मल्चऐवजी खडे पसरा किंवा मातीलगत जाळी अंथरून मोठे दगड ठेवा, तो कोपरा ताडपत्रीने झाका, आणि बागेच्या ज्या टोकाला त्याने राहिलेले तुम्हाला चालेल तिथे कंपोस्टचा आयता ढीग करून द्या. अनेकदा तो तिकडे वळतो. कुत्र्या-मांजराचे अन्न बाहेर ठेवू नका. एवढे करूनही तो आला, तर त्या वर्षी भाजी कुंड्यांत लावा.

प्रश्न: मुलाच्या कानामागे गोचीड सापडली. मी चिमट्याने ओढून काढली. हे बरोबर केले का?

दुर्दैवाने नाही, पण आता घाबरू नका. पुढच्या वेळी असे करू नका. आपल्या भागातील 'पॅरालिसिस टिक' चिमटली गेली की तिची लाळ अंगात अधिक शिरते, आणि ज्यांना तिची ॲलर्जी आहे त्यांना त्यातून गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. औषधांच्या दुकानात गोचीड जागीच गोठवून मारणारा फवारा मिळतो. तो मारायचा आणि मेलेली गोचीड आपोआप गळून पडू द्यायची. तिळापेक्षा लहान पिल्ले असतील तर पर्मेथ्रिनचे मलम लावतात. चेहरा किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर लगेच ००० ला फोन करा.

याच उपनगरांत काम करणाऱ्या डॉ. शेरिल व्हॅन न्यूनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली गोचिडीचा दंश आणि लाल मांसाची ॲलर्जी यांचा संबंध मांडला, आणि आता ही ॲलर्जी जगभर ओळखली जाते. मटण खाल्ल्यावर काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, अंगावर पित्त उठते आणि कारण लक्षात येत नाही. काहींना जिलेटिन, क्वचित दूधही सोसत नाही, म्हणून शाकाहारी घरांनीही याकडे दुर्लक्ष करू नये. बुशमधून आल्यावर आंघोळ, कान-मान-केस तपासणे आणि कपडे गरम ड्रायरमध्ये फिरवणे, एवढी सवय पुरते. कुत्रा असेल तर त्याचे गोचीडनाशक औषध एकही महिना चुकवू नका. उपचार न मिळाल्यास या गोचिडीने कुत्र्याला लकवा होतो आणि तो दगावतो.

प्रश्न: मागच्या कुंपणापलीकडे काटेरी झुडपे दाट माजली आहेत. ती साफ करून घ्यावी असे वाटते. शिवाय कापलेले गवत आणि फांद्या आम्ही तिकडेच टाकतो, त्याचे खत होईल ना? आणि अंगणातला उंच गम धोकादायक वाटतो, तो तोडता येईल का?

तीन प्रश्न आहेत, पैकी मधल्यापासून सुरुवात करते. कृपा करून तिकडे काहीही टाकू नका. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो, आणि दंडही होऊ शकतो. ही वालुकाश्माची माती फॉस्फरसच्या बाबतीत अतिशय गरीब आहे, आणि इथल्या बँक्सिया, ग्रेव्हिलिया याच गरिबीत वाढायला शिकल्या आहेत. कुजलेले गवत, लॉनला घातलेले खत, अंगण धुतलेले पाणी उतारावरून तिकडे गेले की माती त्यांना मानवेनाशी होते आणि परदेशी तण फोफावते. शिवाय वाळलेल्या फांद्यांचा ढीग म्हणजे आपल्याच कुंपणाशी रचलेले सरपण. त्यासाठी काउन्सिलचा हिरवा डबा आहे.

आता झुडपे. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रातली गुलाबी-पिवळी फुले पाहिलीत? ती आपली घाणेरी आहे, कुणी तिला टणटणी म्हणतात. अमेरिकेतून आलेली ही वनस्पती जशी सह्याद्रीच्या उतारांवर पसरली तशीच इथेही पसरली. तिच्या जोडीला प्रिव्हेट, ॲस्पॅरॅगस फर्न आणि खाली रांगणारी ट्रॅडेस्कॅन्शिया. ती काढायलाच हवी, पण मशीन लावून एका दिवसात नव्हे. फेअरी-रेनसारखे चिमुकले पक्षी मोठ्या पक्ष्यांपासून लपायला तिच्याच जाळीचा आसरा घेतात, आणि उघडी पडलेली जमीन पुन्हा तणच पकडते. मॉसमनच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात यावर जी पद्धत बसवली, तीच आजही इथे पायाभूत मानली जाते: जिथे रान सर्वांत निरोगी आहे तिथून सुरुवात करायची, थोडेसेच तण हाताने उपटायचे, माती कमीत कमी हलवायची, आणि देशी रोपे जितक्या वेगाने ती जागा भरतील तितक्याच वेगाने पुढे सरकायचे. ती जमीन तुमची नाही, म्हणून परस्पर हात घालू नका. काउन्सिलच्या बुशकेअर गटात नाव नोंदवा. महिन्यातून एक सकाळ, हत्यारे आणि शिकवणी दोन्ही मोफत. घाणेरीचे मूळ ओल्या मातीतून अख्खे उपटून आले की जो वास येतो, तो लहानपणीच्या डोंगराचा वास आहे, आणि पहिल्या दिवशी माझे डोळे भरून आले होते.

आणि गम. बहुतेक ठिकाणी काउन्सिलच्या परवानगीशिवाय मोठे झाड तोडता येत नाही. २०१४ पासून '१०/५०' नावाची तरतूद आहे: ठरवून दिलेल्या वणवाप्रवण क्षेत्रात घरापासून दहा मीटरच्या आतली झाडे आणि पन्नास मीटरच्या आतली झुडपे परवानगीविना काढता येतात, तुमचा पत्ता त्यात बसतो का, ते रूरल फायर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर तपासता येते. परंतु परवानगी आहे म्हणून तोडू नका. गमच्या फांद्या गळतात हे खरे, तेव्हा आधी चांगल्या आर्बोरिस्टकडून (झाडांच्या तज्ज्ञाकडून) झाडाची तपासणी करून घ्या; पुष्कळदा एक-दोन फांद्या काढून भागते. पॉसम, कॉकटू आणि या देशातले सर्वांत मोठे घुबड, पॉवरफुल आऊल, ढोलीत घर करतात, आणि गमच्या झाडात तशी मोठी ढोली तयार व्हायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागतो. तुमच्या रस्त्यावरचे झाड सिडनी ब्लू गम असेल, तर ते ज्या 'ब्लू गम हाय फॉरेस्ट'चा भाग आहे, त्या अरण्याचा मूळ विस्ताराच्या पाच टक्क्यांहूनही कमी भाग आज उरला आहे.

प्रश्न: अकरा वर्षांच्या मुलाला मित्रांबरोबर ओढ्यापर्यंत एकटे जायचे आहे. शेजारची मुले जातात. पाठवावे का?

पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे, पण तयारी करून. कुरिंगगाय चेस या आपल्या शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाचे रान १८९४ पासून राखलेले आहे. त्याच्या काठावर राहून मुलाने ते फक्त खिडकीतून पाहावे, यासारखा तोटा नाही. तीन मुले असावीत, दोन नव्हे, म्हणजे एकाला लागले तर एक जवळ बसतो आणि एक धावतो. पूर्ण बंद बूट, लांब मोजे, पाणी, खिशात एक पट्टी, आणि फोनवर 'इमर्जन्सी प्लस' ॲप, जे नेमके ठिकाण दाखवते. घळीत फोन लागला नाही तर धारेवर चढून यायचे, हेही त्याला ठाऊक हवे. पडलेल्या ओंडक्यावरून थेट उडी मारायची नाही, आधी त्यावर उभे राहून पलीकडे पाहायचे. मोठ्या पावसानंतर ओढ्याकडे दोन दिवस फिरकायचे नाही, आणि अग्निधोका 'हाय'च्या वर असेल त्या दिवशी अजिबात नाही. कातळावर मूळ रहिवाशांनी कोरलेले मासे, कांगारू, माणसे दिसली तर कडेने पाहायचे, त्यांवर पाय ठेवायचा नाही. कूकाबरा पक्ष्याला डबा दाखवायचा नाही, नाहीतर तो हातातून खाऊ पळवतो आणि पुढे प्रत्येक मुलाच्या डब्यावर झडप घालू लागतो.

पहिल्या दोन खेपांना तुम्ही सोबत जा, मात्र पन्नास पावले मागून. वाट त्याला शोधू द्या, फाट्यावर त्याला थांबून विचार करू द्या, आणि चुकला तरी लगेच हाक मारू नका. तिसऱ्या खेपेला डेकवर थांबा आणि परतायची वेळ ठरवून द्या.